ओवाळलेला रक्तगट

मित्रांनो, माझ्या अंगावर कुंकवाचा डाग दिसतोय ना? तो मी मागितला नव्हता. मी रक्तगटाचं एक जुनं कार्ड आहे, प्लास्टिकमध्ये बंद, पण कोपरा सुटलेलं. माझा जन्म रक्तदान शिबिरातला. एका बाईंनी क्षितिजाच्या बोटाला सुई टोचली आणि माझ्यावर निळ्या शाईने लिहिलं, ‘ओ पॉझिटिव्ह’. आयुष्यात मी तेवढंच बोललो.

लग्न होऊन क्षितिजा गिरीज गावी, केळीच्या वाडीत आली. तिच्या पाकिटातून मीही आलो.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिला सातवा लागला. त्याच सुमारास तिच्या सासूबाईंच्या, प्रेमलताबाईंच्या मोबाईलवर निरोप आला, ‘ओ गटाला कोरोना होतच नाही.’ कुठल्याशा अभ्यासात ओ गटात लागण जराशी कमी दिसली होती म्हणे. हातोहात फिरताना त्या ‘जराशी कमी’चं ‘होतच नाही’ झालं.

“आई, डोहाळजेवण घरातल्या घरात करूया,” क्षितिजा म्हणाली.

“का गं? तुझा गट ओ! पहिलटकरणीची ओटी काय चोरून भरायची?”

क्षितिजाने नवऱ्याकडे पाहिलं. ‘आईला मी सांगतो’ असं आदल्याच दिवशी म्हणालेला मितेश मान खाली घालून केळफूल सोलत बसला.

तीसेक बायका आल्या. क्षितिजाला फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसवलं. मास्कखाली नथ दिसेना, म्हणून मास्क उतरवला. आणि प्रेमलताबाईंनी मला ओवाळणीच्या ताटात, सुपारीशेजारी ठेवून कुंकू लावलं. सुटलेल्या कोपऱ्यातून ते आत शिरलं.

शेजारची ब्रेंडा नर्स होती. ती कुंपणापलीकडूनच ओरडली, “मावशी, रक्तगट म्हणजे काय ताईत आहे? पोरीला मास्क द्या आधी!”

“तू जेवायला ये गं, भाषण नको!”

खरं सांगतो, त्या ताटात क्षणभर मलाही मिरवावंसं वाटलं. त्याची लाज अजून जात नाही.

पाचव्या दिवशी क्षितिजाला ताप भरला, मग धाप लागली. दवाखान्यात मितेशने मला टेबलावर ठेवलं. “हिचा गट ओ आहे ना, मग कोरोना कसा झाला?” डॉक्टरांनी माझ्याकडे धड पाहिलंही नाही. रक्त लागलं तर हवं, म्हणून तिचा गट नव्याने तपासायला पाठवला. मित्रांनो, मला राग नाही आला. मला ओळखणाऱ्यांनी तपासून घेतलं. ज्यांना मी कधी कळलोच नाही, त्यांनी ओवाळलं. दगा तिथे झाला, त्या ताटात. मी कधीच न दिलेलं वचन माझ्या नावावर खपवलं गेलं.

ऑक्सिजन लावलेली क्षितिजा मितेशला एवढंच म्हणाली, “तू सांगणार होतास.” तो खाली बघत राहिला. इथे सोलायला केळफूलही नव्हतं.

लेक आठव्यातच झाली. दोन ओंजळींत मावेल एवढी, पण जगली.

दोघी घरी आल्या तेव्हा प्रेमलताबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. डोळे भरलेले, सवय मात्र जुनीच. “हिचा गट कुठला गं?”

“आई, आधी हात धुऊन या. मास्क लावा. मग सांगते.”

त्या निमूट मोरीकडे गेल्या.

मी आता औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर फाईलमध्ये असतो. डाग काही निघाला नाही. मित्रांनो, माझ्यावर लिहिलंय तेवढंच वाचा. आणि पोटुशी बाई ‘गर्दी नको’ म्हणाली, तर तिचं ऐका. ते कुठल्याच कार्डावर लिहिलेलं नसतं.