सड्यावरचा खांब

मुलुंडच्या घरात अनुपमाने स्पर्धेचा फोटो शेवटचं एकदा तपासायला घेतला. देवगडजवळचं तिचं गाव, समुद्रावर आलेला कातळाच्या पठाराचा उंच सडा, मावळतीचं ऊन. माणसाची एकही खूण चौकटीत नको, अशी अट होती. म्हणून सड्यावरचा विजेचा खांब तिने पुसला होता. फोटो पाठवायची मुदत संध्याकाळी सातपर्यंत होती.

तिचे वडील भिकाजी चष्मा सावरत मागून वाकले.

“झकास गो. पण खांब नाय, मगे ही सावली कोणाची?”

गवतावर खांबाची लांबलचक सावली तशीच राहिली होती.

“तीही पुसते, बाबा. खांब दिसला तर फोटो बाद होईल.”

“पूस तर. गाडी वर चढत नव्हती, आमी नऊ जणांनी खांद्यावरून नेललो तो. तुझ्या आजयेन त्या दिवशी पयल्यांदा दिव्याखाली भाकरी भाजली.”

अनुपमाने कर्सर सावलीवर नेला आणि तिथेच थांबवला. मग तिने मूळ फोटो उघडला. तांबड्या आभाळात खांब किंचित कललेला होता. भिकाजी बघत राहिले.

“अगो, सात वाजले.”

“वाजू देत.”

“मगे हो फोटो भिंतीवर लाव,” ते म्हणाले. “त्या दिव्याच्या बटनाच्या वर.”