वरून वाजलेला टाळ

या, मायबायांनो, या बापहो! जरा सरकून जवळ बसा. मागं भिंतीला टेकलेल्यांनो, तुम्हीही पुढं या. इथं जागेला भाडं नाही. आज तुम्हाला एका टाळाची गोष्ट सांगतो. टाळ साधाच, पितळेचा, वाटीएवढा. पण एका मंगळवारी तो वाजला नाही, आणि त्याच्या न वाजण्यानं भरलेली एसटी गप्प झाली. कशी, ते ऐका.

रुपाली एसटीत कंडक्टर होती. दिग्रसहून निघून यवतमाळ, कळंब करत वर्ध्याला जाणारी सकाळची गाडी तिच्याकडे असायची. पोरगी मनानं वाईट मुळीच नव्हती. लेकुरवाळ्या बाईची पिशवी आधी वर घेईल, मग बाईला हात देईल, अशी. पण रोजची गर्दी माणसाला कशी खरवडून काढते, ते तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. गळ्यात तिकिटाचं मशीन, काखेत बॅग, सुट्ट्यावरून वाद, आणि वरून चहाच्या टपरीवर, पानठेल्यावर एकच थट्टा :

"काय मॅडम, आज किती फुकटे भरले गाडीत?"

पंच्याहत्तरी ओलांडली की एसटीचा प्रवास मोफत आणि अपंगांना भाड्यात मोठी सूट, हे तर आपल्याला माहीतच आहे. रुपाली आधी त्या थट्टेवर नुसती हसायची. मग हसता हसता तीही तसंच बोलू लागली. आणि पुढं पुढं, राम कृष्ण हरी, तिला खरंच तसं वाटू लागलं! टोमणा रोज कानावर पडला की तो आपल्याच डोक्यात बिऱ्हाड करतो.

दर मंगळवारी निंबाळा फाट्यावर इंदुताई चढायच्या. वय सत्त्याहत्तर, गळ्यात तुळशीची माळ, हातात कापडी पिशवी. पिशवीत डबा आणि टाळांची जोडी. यवतमाळच्या स्टँडवर त्यांचा धाकटा भाऊ मारोती गाडीत यायचा. मारोतीबाबांना तरुणपणीच अंधत्व आलेलं. ओळखीचा ऑटोवाला त्यांना गाडीच्या दारापाशी आणून सोडी. मग बाबा पायरीवर उभे राहून आत हाक मारत :

"ताई, हायस काय व?"

आणि आतून टाळ वाजे. टिंग!

बस्स. त्या एका आवाजाच्या सुतावर बाबा कोणाला धक्का न लावता, कोणाच्या पायावर पाय न देता, थेट बहिणीशेजारी येऊन बसत. नेहमीचे प्रवासी कौतुकानं पाहत. मग दोघं कळंबला उतरत, चिंतामणीचं दर्शन घेत आणि देवळाच्या अंगणात दुपारचं कीर्तन ऐकत. ऐकत कसलं, बाबा कीर्तनकाराच्या मागं टाळ घेऊन उभे राहत आणि असा सूर लावत की, झोपाळू माणूसही ताठ बसावा!

कापसाचे दिवस होते. दारव्ह्याला गाडी खचाखच भरली. इंद्रजित नावाचा एक तरुण चढला. कळंबच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला. त्याला बसायला जागा मिळेना.

"वा रे न्याय!" तो मोठ्यानं म्हणाला. "पैसे आमी भरायचे, उभं आमीच राह्यचं, आन् खिडक्या फुकट्यायले! मॅडम, तुमी काही बोलता का नाही?"

दोघं-चौघं हसले. रुपालीचं डोकं सकाळपासून तापलेलंच होतं. ती इंदुताईंकडे वळली.

"आजी, तुमचं तिकीट शून्याचं आहे ना? मंग व्हा थोड्या उभ्या. पैसेवाल्याले बसू द्या. आन् दर मंगळवारी असं कोणतं काम असते हो तुमचं?"

 इंदुताईंनी पिशवी उचलली, पदर सावरला आणि त्या उठून दांड्याला धरून उभ्या राहिल्या. इंद्रजित बसला. यवतमाळला जागा झाली तेव्हा त्या परत बसल्या. रुपालीही पुढच्या तिकिटांत ती गोष्ट विसरून गेली.

बोलणारा विसरतो हो. ऐकणारा विसरत नाही.

पुढच्या मंगळवारी गाडी अर्धी रिकामी होती. तरी इंदुताई उभ्या! त्यांच्यामागून चढलेले गावचे दोन म्हातारेही दांड्याला लटकलेले.

"आजी, जागा आहे ना. बसा," रुपाली म्हणाली.

"नाही माय. आता कळलं आमाले," इंदुताई भोळेपणानं म्हणाल्या. "जायचं फुकट आहे, बसायचं नाही. बसायले पैसे लागते. मी पारावर सगळ्यायले सांगून देल्लं, आपण जायचं तं उभ्यानं जायचं. काहून कोणाची बोलणी खायची?"

गाडीतल्या गाडीत एक चुकीचं वाक्य बोललं गेलं आणि तिकडे अख्ख्या गावानं त्याचा नियम करून टाकला!  "तसं नसते हो आजी," असं रुपाली म्हणणार, तेवढ्यात दारव्हा आलं, गर्दी घुसली, जागा भरल्या, आणि सांगायचं राहून गेलं.

यवतमाळला बाबा पायरीवर आले.

"ताई, हायस काय व?"

टिंग!

बाबा दोन पावलं आले आणि थबकले. मान तिरकी केली.

"टाळ आज वरून काहून वाजला? तू उभी हायस?"

"पाय आखडला होता रे," इंदुताई म्हणाल्या. "म्हटलं थोडी उभी राह्यतो."

खोटं बोलण्याची सवय नसलेल्या माणसाचा आवाज कसा होतो, ते आंधळ्या भावाला कळलं नसेल काय?  पण कळंब येईपर्यंत बाबाही उभेच राहिले, बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून.

त्यानंतरच्या मंगळवारी निंबाळा फाट्यावर बाभळीखाली कोणीच नव्हतं. ड्रायव्हर अमरसिंगनं सवयीनं गाडी थांबवली, हॉर्न वाजवला, पायवाटेकडे पाहिलं. वाटेवर माणूस नाही.

"आपली टाळवाली माय नाही दिसली," तो म्हणाला.

"नसल आज काम," रुपालीनं घंटी दिली. पण गाडी हलली तरी ती पायवाटेकडेच पाहत राहिली.

यवतमाळला गाडी लागली. पायरीवर काठी टेकली.

"ताई, हायस काय व?"

टाळ वाजला नाही.

"ताई?"

मंडळी, गाडी भरलेली होती. पोरं होती, बाया होत्या, मोबाइल वाजत होते. सगळं हळूहळू थांबलं. तो म्हातारा पायरीवर उभा, मान तिरकी, कान आत लावलेला. बोलावं कोणी? रुपाली पुढं झाली.

"बाबा, आजी आज आल्या नाहीत."

"दिग्रसचीच गाडी ना?"

"हो."

"मंग मी उतरतो." ते मागं वळले आणि थांबले. "बाई, एक विचारतो. मागच्या खेपेले तिचा टाळ वरून वाजला. ताई माही दगडावर बसल, मातीत बसल, पण उगाच उभी राह्यणार नाही, तिचे गुडघे गेले. तिले कोणी उठवलं काय?"

रुपालीला "माहीत नाही" म्हणता आलं असतं. कोण विचारणार होतं? पण कसं कोण जाणे, त्या न दिसणाऱ्या डोळ्यांपुढं तिला खोटं बोलवेना.

"मी उठवलं, बाबा."

त्या दिवशी इंद्रजितही गाडीत होता. तो जागेवरूनच म्हणाला, "त्यायचं काही चुकलं नाही, बाबा. मीच बोललो होतो. आमी पैसे भरतो. फुकटवाल्यानं जागा द्यावी, यात काय वाईट?"

सगळ्यांना वाटलं, आता म्हातारा चिडणार. पण बाबा हसले!

"आवाजावरून जवान दिसतेस. कीर्तनाले गेलता काय कधी?"

"लहानपणी. आजीसंगं."

"किती तिकीट काढलं होतं?"

गाडीत हशा पिकला. इंद्रजितही ओशाळून हसला. "कीर्तनाले कुठं तिकीट असते बाबा!"

"अस्सं! मंग सगळेच फुकटे. बरं, पुढं कोण बसते तिथं? वर्गणी देणारा?"

"नाही... पुढं म्हातारे बसते. ज्यायले ऐकू कमी येते ते."

"आन् वर्गणी देणारा?"

"भेटल तिथं."

"तो भांडते काय, का माह्या पैशावर मंडप उभा हाय, बुढ्यायले उठवा म्हणून?"

इंद्रजितनं नकारार्थी मान हलवली.

"पोरा, जे सगळ्यायनं मिळून उभं केलं, त्यात ज्याचं अंग थकलं त्याले पुढं बसवते. त्याले कोणी फुकट म्हणत नाही. हे गाडी तरी काय वेगळी हाय? तुह्या पैशाची हाय तशी सगळ्यायच्या पैशाची हाय. आन् ज्या रस्त्यानं तू येतं ना, बाहत्तरच्या दुष्काळात त्याची गिट्टी माह्या ताईनं डोक्यावर वाह्यली. पण ते जाऊ दे. नसती वाह्यली, तरी गुडघे दुखणाऱ्या बाईले बसायले जागा पाह्यजेच. त्यासाठी तिनं आधी काही करून दाखवलं पाह्यजे, असं कोणत्या देवानं सांगतलं?"

मग त्यांनी रुपालीच्या आवाजाच्या दिशेनं तोंड केलं.

"आन् बाई, तू तिले विचारलं असशील, कोणतं काम असते म्हणून?"

रुपालीचा चेहरा उतरला. विचारलं होतं ना!

"काम एकच हाय. माहा हात धरायचं. पोरगा-सून चांगले हायेत, पण ते कामाले जाते. सहा दिवस मी घरातल्या भिंती चाचपतो. मंगळवारी मी माणसात येतो. तिथं मी आंधळा नसतो बाई, टाळकरी असतो! आन् समजा, असं काहीच काम नसतं, नुसतंच तिले भावाजवळ बसावं वाटलं असतं, तरी? म्हाताऱ्यानं दवाखान्यासाठीच तेवढं बाहेर पडावं काय? गंमत म्हणून, माया म्हणून नाही?"

काय बोलले हो! गाडी सुटायची वेळ झाली होती, पण अमरसिंगनं इंजिन सुरू केलं नाही. रुपालीनं डोळे पुसले, बाबांचा हात धरला आणि त्यांना दाराजवळच्या पहिल्या जागेवर नेलं; तिथला माणूस आधीच उठला होता. त्या जागेच्या वर, खिडकीच्या माथ्यावर, ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं : ज्येष्ठ नागरिक व अपंगांसाठी राखीव. रोज डोळ्यांसमोर असूनही तिनं ते कधी वाचलंच नव्हतं!

"आज तुमी एकटे नाही, बाबा. कळंबले मी उतरवून देतो," ती म्हणाली.

"देवळापर्यंत मी नेतो," मागून आवाज आला. इंद्रजित उठून उभा राहिला होता. "जिनिंगवर थोडा उशीर झाला तं झाला."

"माह्या पायानं नेशील का तुह्या खांद्यावर?" बाबांनी विचारलं, आणि गाडी पुन्हा हसली. पण आताचं हसणं वेगळं होतं.

सुट्टीच्या दिवशी रुपाली युनिफॉर्म न घालता निंबाळा फाट्यावर उतरली आणि पायवाटेनं गावात गेली. इंदुताई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. तिला पाहताच गडबडून उठू लागल्या. रुपालीनं त्यांना उठूच दिलं नाही. खाली बसून पायांवर डोकं ठेवलं.

"अवं माय, हे काय करून राह्यली? तुव्हं काही चुकलं नाही. मलेच लाज वाटली. म्हटलं, फुकटाचं कायले रोज रोज खावं!"

"आजी, फुकट नाही ते. ते तुमचं आहे. मान आहे तुमचा," रुपाली म्हणाली. "आन् जायचं जसं तुमचं, तसं बसायचंबी तुमचं. मी खोटं बोलली होती. बाबा दारात हाका मारून राह्यले, आन् टाळ वाजला नाही. मले तं झोप नाही आली."

भावाचं ऐकलं आणि इंदुताईंच्या हातातली शेंग खाली पडली. "वाट पाह्यली त्यानं?" एवढंच त्या म्हणाल्या. मग उठल्या, आणि कीर्तन संपल्यावर आपण सगळे एकमेकांच्या पाया पडतो ना, लहान-मोठा न पाहता, तशा त्या रुपालीच्या पायांकडे वाकल्या. पोरगी दचकून मागं सरली. दोघी एकमेकींना धरून रडल्या, आणि मग एकीनं दुसरीला चहा केला. चहा रुपालीनं केला, बरं! आणि जाताना ती पारावर थांबली. तिथं बसलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांना तिनं हात जोडून सांगितलं, "तुमी केलेला नियम मोडा. बसून या."

मंगळवार आला. निंबाळा फाट्यावर बाभळीखाली पुन्हा गर्दी. रुपालीनं खाली उतरून एकेकाला हात दिला. शून्याचं तिकीट मशीनमधून निघालं की दोन्ही हातांवर धरून द्यायची, जसा प्रसाद देतात. दारव्ह्याला इंद्रजित चढला, जागा नव्हती, दांड्याला धरून उभा राहिला आणि इंदुताईंना म्हणाला, "राम कृष्ण हरी, आजी. पिशवी द्या, वर ठेवतो."

"टाळ असू दे जवळ," इंदुताई म्हणाल्या.

यवतमाळचा स्टँड आला. काठी पायरीवर टेकली. साऱ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

"ताई, हायस काय व?"

टिंग!

बाबांनी मान तिरकी केली. तोंडभर हसू पसरलं.

"आज खालून वाजला!"

मंडळी, सरकारनं सवलत दिली, गाडी दिली, तिकिटावर शून्य छापलं. ते चांगलंच केलं. पण शून्याच्या तिकिटाला मान देणं सरकारच्या हातात नाही. ते कंडक्टरच्या, शेजाऱ्याच्या, तुमच्या-माझ्या हातात आहे. थकलेल्या माणसाला आपण जागा देतो तेव्हा आपण दान करत नाही, त्याची जागा त्याच्या हवाली करतो. ज्या गाडीत म्हातारं माणूस ताठ मानेनं बसतं, तीच गाडी आपली म्हणावी!

आता उठताना एवढंच मागणं आहे. उद्या तुम्ही एसटीत चढाल, खिडकी मिळेल, वारा लागेल, डोळा लागू पाहील. आणि समोर कोणी म्हातारी दांड्याला धरून उभी असेल, काही न बोलता. तेव्हा बापहो, निंबाळा फाट्याच्या इंदुताईंची आठवण करा. पायरीवर कान लावून उभा असलेला त्यांचा भाऊ आठवा. आणि उठा.