रेणुका नावाची मैत्रीण

पंचशीला लातूरला संगमेश सरांच्या डिटेक्टिव्ह ऑफिसात चार वर्षं कामाला होती. लग्नाआधी मुलाची चौकशी, लग्नानंतर नवऱ्यावर नाहीतर बायकोवर नजर, असलीच कामं. बाईमाणसाला दारात कुणी अडवत नाही, म्हणून घरात शिरायचं काम तिच्याकडं असायचं.

नांदेडच्या वरद नावाच्या प्राध्यापकाला बायकोचा संशय आला, तेव्हाही तीच गेली. बायको, मालविका, शिवणक्लासला जायची. पंचशीलानं नांदेडला खोली घेऊन त्या क्लासात रेणुका या नावानं प्रवेश घेतला आणि शेजारची मशीन धरली. पंधरा दिवसांत दोघींचे डबे एकत्र उघडायला लागले. महिन्याभरानं मालविका तिला घरीच घेऊन गेली. सहा वर्षांची शिवांगी तिला रेणुकामावशी म्हणायला लागली.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी मालविकानं बाही वर केली. दंडावर काळानिळा वळ होता.

“कुणालाच सांगितलं नाही गं. आईलासुद्धा नाही. तुला सांगतेय.”

मग बरंच बोलली. नवरा कसा मारतो, दार बाहेरून कसं लावतो. शेवटी हळूच म्हणाली, “लातूरला आदिनाथ म्हणून कॉलेजातला मित्र आहे. दोनदा भेटले. हॉटेलात चहा घेतला, बस. पण रेणुका, तो ‘चल’ म्हणाला असता ना, तर मी गेले असते.”

पंचशीलाच्या पर्समधला फोन सगळं टिपत होता.

लातूरला परतताना एसटीत तिनं ते पुसायला फोन दोनदा हातात घेतला. पुसलं नाही. नोकरी जाईल, ही भीती होती. सरांना समजावून सांगू, असं तिनं मनाला बजावलं.

“बाई चांगली हाय, सर. नवराच मारतोय तिला.”

“त्यानं इचारलं का ते आपल्याला?” सरांनी फोन हातातून घेतला.

“पण सर, असं चोरून घेतलेलं कायद्यात बसतं का?”

“आपल्या धंद्याला कायदाच न्हाई, तर मोडायचा कुठून?”

सरांनी मारहाणीचा भाग काढून टाकला. उरलेलं, ऑफिसातल्या दुसऱ्या माणसानं पाळतीवर राहून काढलेल्या हॉटेलातल्या फोटोंसकट, वरदच्या वकिलाकडं गेलं. वरदनं घटस्फोट मागितला, आणि मुलगीही. रेकॉर्डिंग आहे, हे त्याच्या वकिलानं साक्षीच्या दिवसापर्यंत बाहेर फुटू दिलं नाही.

पाच महिन्यांनी पंचशीलाला साक्षीला बोलावणं आलं. ती नांदेडच्या कोर्टात पोचली, तर बाकावर मालविका बसलेली. तिला बघताच उठून आली, हात धरला.

“आलीस तू! तुझा फोनच लागत नव्हता गं.” मग आपल्या वकिलाकडं वळून म्हणाली, “ही माझी मैत्रीण. हिला सगळं माहीत आहे.”

तिनं पंचशीलाला बाकावर शेजारी बसवलं. तेवढ्यात शिपायानं तिचं खरं नाव पुकारलं. ती उठली, तशी मालविकानं तिचा पदर ओढला.

“बस गं, दुसऱ्या कुणाला तरी बोलावतायत.”

पंचशीलानं पदर सोडवून घेतला.

आत रेकॉर्डिंग वाजलं. ‘मी गेले असते’ हे मालविकाचेच शब्द सगळ्यांनी ऐकले. मालविका मान खाली घालून बसली होती. मालविकाच्या वकिलानं विचारलं, डिटेक्टिव्हगिरीचं लायसन कुणाचं? पंचशीला म्हणाली, असं लायसन नसतंच. ते लिहून घेतलं गेलं. मग तिला राहवलं नाही.

“साहेब, ह्यात अर्धंच हाय. नवरा मारतो, ते काढून टाकलंय. वळ मी डोळ्यानं बघितलाय.”

वरदचा वकील शांतपणे उठला. “पूर्ण रेकॉर्डिंग कुठं आहे?”

“न्हाई. सरांनी पुसलं.”

“तीन महिने मालविकाबाईंना कोणत्या नावानं भेटत होता?”

“रेणुका.”

“म्हणजे तीन महिने खोटं बोललात. आज खरं बोलताय हे कोर्टानं कशावरून मानावं?”

तो वळ मालविकानं दुसऱ्या कुणालाही दाखवला नव्हता, आणि आता तो दंडावरही राहिला नव्हता.

निकाल लागेपर्यंत शिवांगी बापाकडं राहील, आईनं एक रविवार सोडून भेटावं, असा आदेश झाला.

मालविका बाहेर आली. पंचशीला भिंतीशी उभी होती. मालविकानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पण ती तिच्यासमोरून तशीच पुढं गेली आणि वकिलाला विचारू लागली, “रविवारी किती वाजेपर्यंत ठेवता येईल हो तिला?”