जोसेफिनाचं नाव, पुलेंगचं काम

मी ‘सेथाला’ मासिकाचा तिसरा अंक बोलतोय. सेथाला म्हणजे रंगमंच. वैतागून बोलतोय, हे आधीच सांगून ठेवतो. बेचाळीस वर्षं गप्प बसलो, पण आज सकाळी एका विद्वानाने मला पिशवीत घालून वर ‘१९६७’ अशी चिठ्ठी डकवली आणि माझं डोकंच फिरलं. अहो, माझा जन्म चौऱ्याहत्तरचा! जन्मसाल बदलून मला काय नोकरीला लागायचंय?

दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटो या काळ्यांच्या वस्तीतल्या एका शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रातून मी निघालो. दीडशे प्रती, बारा पानं, दोन टाचण्या, आणि शाई अशी की हात लावेल त्याची बोटं काळी. संपादक, टंकलेखक, यंत्राचा दांडा फिरवणारा, सगळं एकच माणूस. रामाइला मास्तर.

आमची नाटकं तेव्हा कुणी लिहून ठेवायचंच नाही. चर्चच्या हॉलमध्ये जमायचं, बोलता बोलता नाटक रचायचं, पाठ करायचं, खेळ झाला की संपलं. लिहिलेला कागद सापडला तर पोलीस आलेच. शहरातल्या गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांना तर आम्ही दिसायचोच नाही.

“एवढी माणसं जीव ओतून काम करतात आणि सोमवारी त्याचा मागमूस नाही!” असं म्हणून मास्तर चरफडायचे. मग खेळ चालू असताना मागच्या बाकावर बसून भराभर उतरवून घ्यायचे. ते उतरवलेलं म्हणजे मी.

माझ्यात ‘नळ’ हे नाटक आहे. अख्ख्या गल्लीला एकच नळ आणि रांगेत तीन बायका. त्यातली म्हातारी केली होती पुलेंग मोत्सामाईने. वय बावीस, दिवसभर शिवणयंत्रावर बसणारी पोरगी. पण शेवटी ती रिकाम्या बादलीशी बोलायला लागली की हॉलमधल्या बायका आपल्या जागेवरून तिला मोठमोठ्याने उत्तरं द्यायच्या.

आणि माझ्यात तिचं नाव काय छापलंय? जोसेफिना मबासो! हा घोळ मास्तरांचा. ते गल्लीच्या दफन-मंडळाचे चिटणीसही होते. कुणाकडे मयत झालं की मंडळाने सगळं निभवायचं आणि नाव वहीत चढवायचं. नटांची खरी नावं छापली तर पोलीस त्यांना उचलणार, म्हणून मास्तरांनी सरळ त्या वहीतली नावं उचलली. वर तारीखही छापली नाही.

पुलेंग तणतणत आली होती. “मास्तर, मी धडधडीत जिवंत आहे हो! मेलेल्या बाईचं नाव कशाला लावलंत मला?”

“जिवंत राहावीस म्हणूनच,” मास्तर म्हणाले. “दिवस बदलू देत. मग एक अख्खा अंक काढू, नुसता खऱ्या नावांचा.”

पोलीस आले, त्यांनी जोसेफिनाची चौकशी केली आणि गल्लीने त्यांना गंभीर चेहऱ्याने कबरस्तानाचा रस्ता दाखवला. आठवडाभर हसत होते लोक. पण पोलिसांनी जाताना माझी शंभर भावंडं नेली. उरलेल्यांत माग्विन्या, म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, बांधले गेले. पाचव्या अंकानंतर मासिक बंद पडलं, पुढे मास्तरही गेले, आणि खऱ्या नावांचा अंक राहिला तो राहिलाच.

मी वाचलो, कारण पुलेंगने मला बिस्किटांच्या डब्यात ठेवलं होतं. वर चर्चच्या लाल झग्यांचे शिवणकामाचे कागदी नमुने, खाली मी. नातवंडांनी माझ्यावर मिशा काढल्या, तेही सोसलं.

आणि आज हे डॉक्टर क्वेना आले. काळ्यांच्या जुन्या रंगभूमीवर पुस्तक लिहितायत. पुलेंगला ‘गोगो’ म्हणतात, म्हणजे आजी. हातात पांढरे मोजे घालून मला असं उचललं, जणू मला गोवर झालाय. मग सोबत आणलेल्या दफन-मंडळाच्या जुन्या वहीशी ताडून पाहिलं आणि चुटकी वाजवली. “जोसेफिना मबासो, मृत्यू अडुसष्ट. म्हणजे हा अंक त्याआधीचा! केवढी मोठी नटी, गोगो. तुम्ही ओळखत होतात तिला?”

“ओळखत होते म्हणजे? मयताला गेले होते तिच्या,” पुलेंग चहात घट्ट दूध ओतत म्हणाली. “बिचारी धुणं धुवायची. जन्मात नाटक पाहिलं नाही तिने. ते काम माझं होतं.”

क्वेना समजूतदार हसले आणि मला पिशवीत घालून वर ती ‘१९६७’ची चिठ्ठी डकवली. मला त्या हसण्याचा भयंकर राग आला. “असेल हो गोगो. पण छापलेलं तर जोसेफिना आहे. तुमच्यापाशी काही पुरावा?”

अरे बाबा, पुरावा तुझ्यापुढे चहा घेऊन उभा आहे! पण माझं ऐकतो कोण?

पुलेंगने कप ठेवला. कोपऱ्यातली बादली पुढे ओढली आणि वाकून तिच्याशी बोलायला लागली. क्वेना मला पिशवीतून काढून माझ्या ओळींवरून बोट फिरवायला लागले. एकही शब्द चुकला नाही. बारावं पान आलं. तिथे मास्तरांनी कंसात लिहिलंय, ‘पुढचं उतरवायला जागा उरली नाही.’ क्वेनांचं बोट थांबलं.

पुलेंग थांबली नाही. म्हातारी बादलीला सांगत राहिली, की रांगेत उभं राहून राहून माझं नावसुद्धा मी विसरले, तू तरी आठवून सांग. हे माझ्यातही नाही. मीही आज पहिल्यांदाच ऐकलं. शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली होती, ती एकदम ओरडली, “पुलेंग! पुलेंग नाव तुझं!”

क्वेनांनी मोजे काढले. चिठ्ठी फाडली आणि स्वतःचं पेन पुढे केलं. “खोडा ते नाव, गोगो.”

“खोडायचं कशाला?” पुलेंग डोळे पुसत म्हणाली. “माझ्यासाठी पोलिसांना सामोरी गेली ती. राहू दे.” आणि जोसेफिनाच्या खाली तिने लिहिलं : काम केलं पुलेंग मोत्सामाईने.

क्वेना मला परत पिशवीत घालायला निघाले, तेव्हा तिने त्यांचा हात धरला.

“मिटू नकोस रे इतक्यात. शाई ओली आहे अजून.”