अर्धलीचा काबरा

रेवणसिद्धाला कबुतर देणं आणि मांजराला देणं सारखंच. फरक इतकाच, की मांजर दुसऱ्या दिवशी तोंड वर करून आणखी एक मागायला येत नाही. लोहाऱ्यापासून तुळजापूरपर्यंत जेवढे म्हणून कबुतरवाले होते, त्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. कुणाची अंड्यावर आलेली म्हणून घेतलेली मादी वांझ निघालेली, कुणाला ऐन भराची जोडी म्हणून दोन म्हातारे नर चिकटवलेले. पण बोलायचं कोण? सगळे मूग गिळून गप्प. बलभीमालाही ठाऊक होतं. तरी त्यानं आपला काबरा त्याच माणसाच्या हातात दिला. आता अशा माणसाला काय म्हणावं?

बहात्तरचा दुष्काळ. माणसांना रेशनवरच्या मिलोची, परदेशी लाल जवारीची, भाकरी मिळायची मारामार, तिथं पाखरांना कोण पुसतं? बलभीम लोहाऱ्याच्या सोसायटीत शिपाई होता. कबुतरांचा नाद मूळचा त्याचा नव्हेच, थोरल्या भावाचा, आबारावाचा. आबाराव पान लागून, म्हणजे साप चावून, अचानक गेला आणि माडीवरची ढाबळ धाकट्याकडं आली. त्या ढाबळीत गिरेबाज कबुतरं होती. दुपारी उडवली की डोक्यावर ठिपका होऊन तरंगायची, दिवस कलला की उतरायची. दुष्काळात एकेक करून ती संपली. काही मेली, काही पाण्याच्या वासानं गेली ती गेलीच. शेवटी एकटा काबरा उरला. पांढऱ्यावर काळे शिंतोडे, आणि डाव्या पायाचं मधलं बोट नाही. लहानपणी घुशीनं तोडलेलं.

घरात वहिनी होती, आबारावाची बायको मथुराबाई. बलभीमाला तिनंच नाकातला शेंबूड पुसून वाढवलेला. ती सकाळी उठून खडी फोडायला जायची, संध्याकाळी हाताला फोड घेऊन यायची आणि ढाबळीकडं बघून तोंड सोडायची.

"माणसाच्या तोंडात माती अन् पाखराला जवारी! मुडदा बशिवला तुझा, खा! गीळ!"

असं म्हणत ओंजळभर दाणा टाकायची. बलभीम तेवढ्या शिव्या ऐकायचा. ओंजळ काही त्याला दिसायची नाही.

काबरा एकटा राहिला तर आबारावाचं वाण बुडालं, एवढं एकच बलभीमाच्या डोक्यात बसलं. मादी पाहिजे. मादी होती रेवणसिद्धाकडं. त्याचं तुळजापुरात भुसारीचं दुकान, त्यामुळं दुष्काळातही त्याची ढाबळ भरलेली. पोत्यांखालचा झाडलेला दाणा तो बाकीच्या कबुतरवाल्यांना द्यायचा. फुकट द्यायचा, आणि म्हणूनच तर सगळ्यांची तोंडं शिवलेली.

"अर्धलीनं द्या की," रेवणसिद्ध म्हणाला. "शेळी देत्यात तसं. माझी मादी, तुमचा नर. दाणा माझा. पहिल्या खेपंला दोन पिल्लं झाली की एक तुमचं, एक माझं. पिल्लू अन् नर दोनी घिऊन जावा."

अर्धलीचा व्यवहार गावोगाव चालतो, त्यात काही वावगं नाही. शेळी अर्धलीनं देताना माणूस चारदा चौकशी करतो, घरात विचारतो, शेजाऱ्याला साक्षीला बोलावतो. बलभीमानं यातलं काही केलं नाही. टोपलीत काबरा घातला, एस्टीनं तुळजापूर गाठलं, आणि मोकळी टोपली घेऊन माघारी आला.

त्या संध्याकाळी मथुराबाई आली, तिनं ढाबळीकडं पाहिलं आणि एक शिवीसुद्धा दिली नाही. हात धुतले आणि भाकरी टाकली. बलभीमाला वाटलं, चला, वहिनीची कटकट मिटली. अक्कल गहाण ठेवलेला माणूस असाच विचार करतो.

महिना गेला तरी निरोप नाही. मग एका ड्रायव्हरासंगं रेवणसिद्धाचा सांगावा आला, 'काबरा ससाण्यानं नेला, लई वाईट वाटलं.' बलभीम तीन दिवस धड जेवला नाही. वहिनीला सांगायची तर छातीच होईना. पुढं सोसायटीच्या कामानं तुळजापूरला जाणं झालं, तेव्हा त्याचे पाय आपसूक भुसारीच्या दुकानाकडं वळले. मान वर केली, तर माडीच्या कठड्यावर काबरा! तोच. पायाला बोट नाही. छाती फुगवून घुमत होता.

बलभीमाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"ससाण्यानं आणून दिला व्हय रं माघारी?" भर दुकानात तो ओरडला.

रेवणसिद्ध तागडीवरचा हात न हलवता म्हणाला, "तो व्हय? त्यो सोलापूरचा हाय. बदलून आणलाय म्या."

"अन् बोट?"

"बोट काय तुमच्याच पाखराचं तुटतं का?"

गिऱ्हाइकं हसली. असं बिनदिक्कत खोटं बोलणाऱ्याच्या तोंडाला कुलूप नाही घालता येत. मारावं म्हटलं तर आपणच फौजदारीत अडकायचं. बलभीम दात खात म्हणाला, "मंडळीत ये. तितं बगू."

मंडळी म्हणजे नळदुर्गच्या बाजाराच्या दिवशी किल्ल्याच्या अंगाला जमणारे आठ-दहा कबुतरवाले. त्यांचा म्होरक्या अण्णाराव शिंपी. वयानं मोठा, बोलायला गोड, आणि रेवणसिद्धाच्या दाण्यावर ज्याची वीस कबुतरं जगलेली. बलभीमानं सगळं सांगितलं. रेवणसिद्धानं पिंजऱ्यातून काबरा आणला होता. अण्णारावानं त्याचा पाय हातात धरून इतका वेळ न्याहाळला, की जणू बोट आत्ता उगवेल.

"खुणंवर काय सांगावं बाबा," तो शेवटी म्हणाला. "आपल्यात रीत हाय. पाखरू सोडायचं. ज्याच्या छपरावर जाईल त्याचं. एकदाच. मग त्यावर कुणी बोलायचं न्हाय."

रेवणसिद्ध लगेच म्हणाला, "मला कबूल. तुळजापूर हिकडं, लोहारा तिकडं. हितूनच सोडा. पर बलभीमांची हिंमत हाय का, त्ये इचारा."

बाकीचे खाली मान घालून माती उकरत बसले. खरं तर एकच प्रश्न विचारायचा होता. कबुतर पाळणारं शेंबडं पोरसुद्धा तो विचारेल. पण हिंमतीचं नाव काढलं आणि बलभीम पेटला. काबरा त्याच्या ढाबळीत अंड्यातून निघालेला, आबारावाच्या हातावर वाढलेला. तो घर विसरेल?

"सोडा!" तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता सोडा."

अण्णारावानं काबरा वर फेकला. पाखरू फडफडत चढलं, किल्ल्यावर एक घेर घेतला, दुसरा घेतला. दुसऱ्या घेरात ते लोहाऱ्याच्या अंगाला इतकं कललं, की बलभीमाच्या तोंडून "आलं!" असं निघून गेलं. मग ते वळलं. सरळ, कुठंही न रेंगाळता, तुळजापूरच्या दिशेनं दिसेनासं झालं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"झाला निवाडा," अण्णाराव म्हणाला. त्याला बलभीमाच्या डोळ्यांत बघवेना.

रेवणसिद्ध धोतर झटकत उठला आणि जाता जाता म्हणाला, "जानारच की. घरट्यात पिल्लं हायती त्येची. पाच दिसांची, अजून डोळं नीट उगडलं न्हाईत."

आता कळलं? पिल्लं असलेला नर कधी घरटं सोडतो का? नर काय, मादी काय, दोघं आळीपाळीनं गळ्यातलं दूध पाजतात. बापाला आगीतून सोडा, तो पिल्लांकडंच जाणार. हे बलभीमाला माहीत होतं, अण्णारावाला माहीत होतं, मान खाली घालून बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. रेवणसिद्धानं पिल्लांचं नाव निवाडा होईस्तोवर काढलं नाही, आणि बलभीमानं रागाच्या भरात विचारलं नाही. बाकीच्यांनी झाडलेल्या दाण्यासाठी आपल्या जिभा विकल्या होत्या. थू त्यांच्या मंडळीवर!

घरी आल्यावर बलभीमानं वहिनीला सगळं सांगून टाकलं. लपवून लपवून जीव विटला होता. ती चुलीपुढं बसून ऐकत होती. त्याला वाटलं, म्हणेल, बरं झालं, एक खाणारं तोंड कमी झालं.

"कुणाचं पाखरू लावलंस रं पैजंला?" ती म्हणाली.

"वैनी, आपलंच—"

"आपलं?" एवढंच म्हणून तिनं चूल विझवली. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही.

सकाळी ती खडीवर गेली नाही. फडक्यात भाकरी आणि चादर बांधली आणि स्टँडवर जाऊन उभी राहिली. बलभीम मागं मागं. साऱ्या रस्त्यात ती खिडकीबाहेर बघत होती. नळदुर्गच्या स्टँडवर अण्णाराव उभा दिसला तेव्हा तिनं खिडकीतून हाक मारली, "अण्णाराव, चढा गाडीत! निवाडा अजून ऱ्हायलाय." अण्णाराव नाही म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात अख्खी एस्टी त्याच्याकडं बघायला लागली. चढला बिचारा.

रेवणसिद्ध दुकान उघडत होता. मथुराबाई त्याला न विचारता जिना चढली. तो ओरडत मागून आला. त्याची म्हातारी आई, इरम्मा, वर दाणं निवडीत बसली होती, ती घाबरून उठली. ढाबळीच्या एका कप्प्यात काबरा पिल्लांवर पंख पसरून बसला होता. मथुराबाईला बघून त्यानं मान वर केली, पण उठला नाही.

"बाई, ह्ये बरं न्हवं," रेवणसिद्ध म्हणाला. "मंडळीत निवाडा झालाय. इचारा अण्णारावाला."

"मंडळीनं पाखराला इचारलं. मला कुणी इचारलं?" मथुराबाईचा आवाज खालच्या गल्लीपर्यंत गेला. "पाखरू माझ्या नवऱ्याचं. त्येच्या माघारी माझं. बारा म्हैनं म्या त्येला खडीच्या मजुरीतला दाणा घातला. शिव्या घातल्या तर माझ्या पाखराला घातल्या, तुमच्या बापाचं काय गेलं? ह्या दोगांनी पैज लावली, दोगांचंबी पाखरू न्हवं. सांगा अण्णाराव, दुसऱ्याची शेळी अर्धलीनं दिली तर त्यो वेव्हार टिकतो का?"

अण्णाराव कपाळावरचा घाम पुसू लागला. दाणा एकीकडं आणि ही बाई एकीकडं. गल्लीत माणसं जमायला लागली होती, वर बघत होती. भर वस्तीत खोटं बोलायला त्याचीही जीभ रेटेना.

"न्हाय टिकत," तो पुटपुटला.

"मोठ्यानं!"

"न्हाय टिकत, बाई. पाखरू तुमचं."

रेवणसिद्धाचं तोंड काळं पडलं. "न्या मग!" तो खेकसला. "आत्ताच न्या. पिल्लं मरतील ती मरू द्या. मादी एकटी किती पुरं पडंल? पाप तुमच्या डोक्यावर."

त्याला वाटलं, बाई आता नरम पडेल, हात हलवत जाईल. पुन्हा तोच डाव. पिल्लांच्या जिवावर जिंकायची चटक लागली होती मेल्याला.

मथुराबाईनं कप्प्यात हात घातला. काबऱ्याच्या पाठीवरून एकदा बोट फिरवलं आणि हात काढून घेतला. मग ढाबळीपुढं चादर अंथरली, भाकरीचं फडकं शेजारी ठेवलं आणि मांडी घालून बसली.

"पिल्लं सोता दाणं टिपंस्तोवर म्या हितून हलनार न्हाय. मग माझं पाखरू अन् माझं पिल्लू घिऊन जाते. तंवर बसते. तू लई दानशूर हायस म्हनं, समद्यांला दाणा वाटतोस. मलाबी घाल."

"अवो बाई, लोक काय म्हणतील?"

"लोक खाली जमल्यात. इचार जा."

इरम्मा लेकाकडं पाहत कानडीत काहीतरी तडकाफडकी बोलली. बलभीमाला शब्द कळले नाहीत, पण रेवणसिद्धाची मान खाली गेली. म्हातारी आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि मथुराबाईपुढं ठेवला.

किती दिवसांनी बलभीमाला मोकळा श्वास घेता आला. तो पुढं होऊन चादरीच्या टोकाशी टेकला.

"म्याबी थांबतो, वैनी. सोबतीला."

मथुराबाईनं त्याच्याकडं वळून पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

"तू कशाला? त्येनं मला न इचारता ठिवून घेतलं, तू मला न इचारता दिऊन टाकलं. ह्येच्यावर नजर ठेवायची तर तुझ्यावर कुणी ठेवायची? एक जण राखायला पुरं हाय मला. ऊठ. जा कामावर."

"वैनी, म्या भावाचं वाण ऱ्हावं म्हणून—"

"म्हाईत हाय. जा."

ती पुन्हा ढाबळीकडं तोंड करून बसली. बलभीम चादरीच्या टोकावरून उठला. ती काही वळली नाही. मग तो जिना उतरला. अण्णाराव कधीच सटकला होता. दुकानाच्या दारात रेवणसिद्ध उभा होता, हातात तागडी, रडकुंडीला आलेला.

"बलभीम, तुमच्या वैनीला समजवा की काय तरी. तुमचं ऐकतील त्या."

"माझं?" बलभीम म्हणाला. "मला तर तिनं तुझ्याच रांगंत उभं केलंय."

आणि तो एस्टी स्टँडकडं चालायला लागला.