आत्याला न रडवणारी कादंबरी

टेबलावर पाच कादंबऱ्या होत्या, पाचही एकाच जपानी लेखकाच्या. शेजारी अश्रू मोजायच्या कागदी पट्ट्या बावीस, स्टॉपवॉच एक, प्रेशर कुकरचं माहितीपत्रक एक आणि खुर्चीत काका.

"मला कशाला बसवलंयस?" काकांनी विचारलं.

"तुम्ही नमुना आहात," भाची म्हणाली.

ती डोळ्यांच्या दवाखान्यात तंत्रज्ञ होती. सकाळीच आत्याच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. गेल्या वर्षी उजव्याचं झालं तेव्हा आत्यानं याच लेखकाची कादंबरी वाचून घेतली, ढसाढसा रडली, रडता रडता डोळा चोळला आणि टाका सुटला. तो डोळा कसाबसा वाचला. या वेळी डॉक्टरांनी बजावलं होतं, चोळलात तर डोळा गेलाच समजा. पण आत्याला कादंबरीशिवाय पडवत नव्हतं आणि दुसरा लेखक चालत नव्हता.

"ठरलं का गं?" आतल्या खोलीतून आत्या ओरडली. "का एका डोळ्यानं छत वाचू?"

पाचांतली सर्वांत कमी रडवणारी शोधायची होती. पट्टीचं टोक पापणीत अडकवायचं, पाच मिनिटं शेवटचं प्रकरण वाचायचं, कागद किती मिलिमीटर भिजला ते बघायचं.

"मी दगड आहे हं," काका म्हणाले. "लग्नातसुद्धा रडलो नाही."

"तुमच्या वाटचं मी रडले!" आतून आवाज आला.

तुलनेसाठी भाचीनं आधी कुकरचं माहितीपत्रक घेतलं. त्यानं कुणाच्या बापाला रडू येणार? ती वाचू लागली. "वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकण उघडू नये. लहान मुलांना दूर ठेवावे. शंका असल्यास आम्हाला विचारावे."

काकांची हनुवटी थरथरली.

"काय झालं?"

"विचारावे म्हणतोय बिचारा," काका हुंदका आवरत म्हणाले. "इतक्या मायेनं कोण सांगतं गं हल्ली?"

अठ्ठावीस मिलिमीटर.

मग कादंबऱ्या झाल्या. दीपगृहाच्या राखणदाराची, पस्तीस. बायकोचा दात जपून ठेवणाऱ्या दंतवैद्याची, पस्तीस. उरलेल्या तिन्हीही पस्तीस, कारण पट्टीवर खुणाच तेवढ्या. दंतवैद्याच्या वेळी तर भाचीनं नुसतं मुखपृष्ठ दाखवलं होतं.

"काका, तुम्ही उपकरण म्हणून बाद आहात."

"माझ्यात काय खोट आहे?"

"अहो, दात अजून पडलाही नव्हता!"

तेवढ्यात आत्या भिंत धरत दाराशी आली. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा वटारलेला. "दंतवैद्य," तिनं निकाल दिला. "आणि हे इतके का रडतायत ते मला ऐकायचंय."

भाचीनं हात टेकले, पण अट घातली. आत्याच्या उजव्या डोळ्यात कागद राहील. पंधराच्या वर ओल गेली की पुस्तक बंद. काकांनीही हट्टानं दोन्ही डोळ्यांत कागद लावून घेतले आणि आत्याच्या पलंगाच्या कडेला बसले. भाची वाचू लागली.

दुसऱ्याच पानावर दंतवैद्यानं हातमोजे घातले आणि काकांचा बांध फुटला.

"अहो, नुसते हातमोजे घातलेत त्यानं!" आत्या वैतागली. "त्याची बायको चांगली ठणठणीत आहे."

"पण पुढे..."

"पुढचं सांगाल तर खबरदार!"

बाईचा दात हलू लागला. काका गदगदून हलू लागले. आत्यानं पदराचं टोक धरलं, दुसऱ्या हातानं काकांची मान पकडली आणि त्यांचे गाल खसाखसा पुसायला घेतले. पान संपलं, दात पडला, बाई गेली. आत्याचे दोन्ही हात काकांच्या तोंडावरच होते.

"नाक शिंकरा," ती म्हणाली. "तू वाच गं."

पाच मिनिटांनी भाचीनं कागद काढून खुणा वाचल्या. काका, दोन्ही डोळे, पस्तीस. आत्या, उजवा डोळा, सात.