आत उघडणारं दार

"साहेब, हे दार बाहेर उघडू द्या."

चहाचा ट्रे टेकवता टेकवता मावशींनी नव्या शाळेच्या नकाशावर, स्वच्छतागृहाच्या चौकोनात बोट ठेवलं. शाळा अपंग मुलांची. मुलांना उचलणं, बसवणं, धुणं-पुसणं एकोणीस वर्षं मावशींकडेच. बैठकीला नऊ माणसं होती. त्यांतल्या एकानंही कुठल्या मुलाला कधी संडासाला नेलेलं नव्हतं.

"बाहेर उघडलं तर येणाऱ्या-जाणाऱ्याला लागेल, मावशी," आर्किटेक्ट हसले.

"आणि पोर आत पडलं, दाराला टेकून, तर? मी ढकलू कशी? त्याच्या अंगावर?"

"यातला बिनसाखरेचा कुठला?" अध्यक्षांनी विचारलं.

नकाशा मंजूर झाला. इतिवृत्तात चहापानाची नोंद आली, दाराची नाही.

नवी इमारत सुरू होऊन अकरा दिवस झाले आणि सातवीतली कुबड्या घेणारी मुलगी आत घसरून पडली. दार चार बोटं उघडलं आणि तिच्या पाठीला अडलं.

"मावशी, ढकलू नकोस ना. दुखतंय."

सुतार आला. बिजागऱ्याही आतल्या बाजूला. शेवटी मावशींनी त्याला करवतीनं दार कापायला लावलं. चाळीस मिनिटं मावशी फरशीवर पालथ्या पडून, फटीतून तिची बोटं धरून होत्या.

चौथ्या दिवशी मावशींना नोटीस आली. मुलीच्या पाठीबद्दल नव्हे, दाराबद्दल. शाळेच्या मालमत्तेचं नुकसान केलंत, खुलासा करा.

"'चूक झाली' एवढं लिहून द्या, विषय संपला," कारकून समजुतीनं म्हणाला.

"लिहिते की. कुणाची, ते कुठं लिहू?"

कारकुनानं पेनाला टोपण लावलं.

नवं दार मंजुरीला गेलं, नकाशाप्रमाणेच, आत उघडणारं. तोवर मावशी त्या उघड्या चौकटीत स्टूल टाकून बसू लागल्या, आतल्या बाजूला पाठ करून.

"मावशी, वळायचं नाही हां."

"नाही गं बाई. तू तुझं निवांत आटप."

असंच एका दुपारी अध्यक्ष पाच-सहा पाहुणे घेऊन आले. गळ्यात कॅमेरे, तोंडावर कौतुक.

"मावशी, जरा बाजूला व्हा. पाहुण्यांना आपलं आदर्श स्वच्छतागृह बघायचंय."

"आत माणूस आहे," मावशी म्हणाल्या, आणि बसून राहिल्या.